आपल्या उन्हाळ्यातलं माप

जबलपूर,
१८ जून १९६७

प्रिय अच्युतदादा,

तुझं पत्र मिळालं. आईने ते आधी देवापुढे ठेवलं, मग बाबांना दिलं, आणि बाबांनी चष्मा पुसून ते मोठ्याने वाचलं. तुझ्या कंपनीने तीन वर्षांचा करार पुढे केला आहे, महिनाअखेरीला सही करायची आहे आणि त्याआधी तुला बाबांचा आशीर्वाद हवा आहे, इथपर्यंत त्यांचा आवाज नीट होता. पुढे तू लिहिलं आहेस की आता तू धातू घोटून सपाट करायचं काम करत नाहीस, पॅकिंगच्या विभागात तयार माल पेट्यांत बसवतोस, आणि तेच तुला बरं वाटतं. तिथे ते थांबले, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बाकीचं घरगुती आहे." घरगुती काहीच नव्हतं. मी नंतर पाहिलं. तिथे थंडी अजून जात नाही आणि बटाटे चांगले मिळतात, एवढंच होतं.

मला तुझ्या ठोकळ्यांबद्दल सांगायचं आहे. निळ्या एअरलेटरमध्ये ते मावणार नाही म्हणून पातळ कागदांवर लिहिते आहे. बाहेर देशात पत्र जाणार आणि त्यात कारखान्याचं काही असणार, या काळजीने मी आधी शैलेंद्रबाबूंना विचारून घेतलं. मापं तपासणाऱ्या आमच्या गेजरूमचे तेच प्रमुख, त्यांना नाही विचारायचं तर कुणाला? ते हसले. म्हणाले, "बेटी, लोहा गरमी में फैलता है, इसमें कौन-सा राज़ है? लिख दे अपने भैया को." तरी मी कारखान्याचं नाव, मालाचं नाव, काहीच लिहीत नाही. तुला सगळं ठाऊकच आहे.

परवा आई जुनी पेटी आवरत होती, त्यात बाबांचा तो पहिला मायक्रोमीटर निघाला. मी आजारी म्हणून शाळेत गेले नव्हते ती दोन-तीन वर्षं आठवतात का? माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघरासमोरची पडवी. आईने अक्षरं शिकवली आणि बाबांनी मापं. घड्याळ वाचायला यायच्या आधी मला व्हर्नियरची बारीक मापपट्टी वाचता येत होती. तू खऱ्या शाळेतून यायचास आणि दप्तर टाकून माझ्या शाळेत बसायचास. एका रविवारी आपण त्या मायक्रोमीटरने घरातल्या सगळ्यांच्या केसांची जाडी मोजली होती. आईचा केस सगळ्यात बारीक निघाला, तुझा सगळ्यात जाड, आणि तू म्हणालास, "म्हणून तर मले अक्कल जास्त." बाबा म्हणाले, "अक्कल डोक्यात असते रे, डोक्यावर नाही." पण मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं. मी घाबरले होते. डोळ्यांना जे सगळं सारखं दिसतं, त्यात इतके फरक लपलेले असतात, हे मला पहिल्यांदाच कळलं होतं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट एकदाच मोजून माझं मन भरत नाही.

गेजरूममध्ये आता प्रतिमा म्हणून एक नवी मुलगी आली आहे. राइट टाऊनच्या मराठी घरातली, पण मराठी समजते जास्त आणि बोलते कमी. तिला काम शिकवताना मी तुझेच शब्द वापरते. हे पोलादी ठोकळे म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या मापांचे आईबाप. कारागीर आपलं माप मायक्रोमीटरने बघतो, मायक्रोमीटर खरा की खोटा हे गेज सांगतो, आणि गेज खरा की खोटा ते हे ठोकळे सांगतात. त्यांच्या वर कुणी नाही. मग मी दोन ठोकळे पुसून एकमेकांवर सरकवते आणि एकच उचलते. दुसरा त्याच्यासोबत उचलला जातो. गोंद नाही, चुंबक नाही. दोन्ही अंगं इतकी सपाट की त्यांना वेगळं राहावंसं वाटत नाही. प्रतिमाने हात मागे घेतला. "दीदी, ये तो जादू है." इतकी वर्षं झाली, मलाही तसंच वाटतं. माणसाने धातूला इथवर आणलं आणि हातांनी आणलं, यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

ठोकळ्यांचा तो परदेशी संच तू गेजरूममध्ये रोज हाताळत होतास. मागच्या मोठ्या महायुद्धात आलेला, लाकडी पेटीतला. काही खाचा रिकाम्या होत्या, काही ठोकळ्यांच्या कडा उडालेल्या. पासष्टच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि नव्या संचाची मागणी जिथल्या तिथे राहिली. ज्यांच्याकडून माल यायचा ते हात आखडून बसले. लढाई संपली तर परकीय चलन नाही. मागच्या जूनमध्ये रुपया घसरवला आणि तीच पेटी एका दिवसात दीडपट महाग झाली, तीत एक ठोकळाही न वाढता. त्याआधीच, उन्हाळा लागता लागता, रेल्वे फाटकाशी उभं राहून तू मला बालाघाटकडून आलेल्या मँगनीजच्या वॅगनी दाखवल्या होत्यास. काळीकुट्ट माती, वॅगनीमागून वॅगनी, बंदराकडे निघालेली. तू म्हणालास, "बघ बेबी, ही जाते ढिगाने आणि परत येते ती काखेत मावणाऱ्या पेटीतून. मधे काय घडतं तेवढंच आपल्याला येत नाही. त्याचेच पैसे मोजून राहिलो आपण." मला वाटतं, संच इथेच बनवायचा हे तू त्या फाटकापाशीच ठरवलंस.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. गेजरूम थंड ठेवणारं यंत्र बंद होतं, कारण त्याचा एक भागही परदेशातूनच यायचा होता आणि परवाना अडकला होता. खोलीची भट्टी झाली होती. तू नुसत्या बनियनमध्ये बसून ठोकळे घोटायचास. बाकदार पाठ, बोटांवर ती करडी पेस्ट, थोडं घोटलं की पुसायचं, थंड होऊ द्यायचं, परदेशी ठोकळ्याशी ताडून पाहायचं, पुन्हा घोटायचं. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला आईचा जुना पंचा बांधलेला. मी समोरच्या टेबलावर दोन ठोकळ्यांतला फरक दाखवणाऱ्या यंत्राची सुई वाचायची. संच पुरा झाला त्या दिवशी सुई प्रत्येक ठोकळ्यावर मधोमध उभी राहिली. तुझे ठोकळे त्यांच्या ठोकळ्यांवर सरकवले तर तेही चिकटले. आपले आणि त्यांचे. मी आईला येऊन सांगितलं, आणि आईने शिरा केला.

आणि मग जानेवारी. बाहेरून तपासणीला आलेले साहेब, बाहेर काकडणारी सकाळ, खोलीत पारा विसावर, तोच परदेशी संच, तेच सुईचं यंत्र, आणि सुई वाचायला पुन्हा मीच. पहिला ठोकळा कमी भरला. दुसरा कमी भरला. मी वाचत गेले आणि कुणीतरी मागे म्हणालं, "ज़्यादा घिस दिया." कमी भरलेला ठोकळा वाढवता येत नाही, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. संच नापास होऊन कपाटात गेला. त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "हात जड झाला पोराचा." ते तुला नाही, ताटाला म्हणाले, पण तू ऐकलंस. डिसेंबरात तुझ्या आताच्या कंपनीचा माणूस आपल्या कारखान्यात यंत्रं जोडायला आला होता. त्याने चल म्हटलं तेव्हा तू नाही म्हणाला होतास. जानेवारीनंतर तू हो म्हणालास. तू स्टेशनवर गाडीत बसलास तेव्हासुद्धा आपण फक्त डब्यातल्या पोळ्या किती दिवस टिकतील याबद्दल बोललो.

आता ऐक. दरवर्षी पावसाळ्याआधी सगळे ठोकळे पुसून, व्हॅसलीन लावून ठेवायचे असतात. या मे महिन्यात मी परदेशी संच केला आणि मग वाटलं, नापास झाला म्हणून तुझ्या संचाला गंज लागू द्यायचा की काय. म्हणून तोही काढला. पुसून झाल्यावर तो परत ठेवायचा होता. पण माझी खोड तुला माहीत आहे. एक मोठा ठोकळा मी यंत्राखाली ठेवला, परदेशी जोडीदाराशी ताडून पाहिला, आणि सुई मधोमध उभी राहिली. कमी नाही, जास्त नाही. मला वाटलं माझ्या हाताची ऊब लागली. हातमोजे बदलले, चिमट्याने उचलला, बराच वेळ तसाच राहू दिला. सुई तिथेच. दुसरा घेतला. तिसरा घेतला. सगळे बरोबर, दादा. जानेवारीत कमी भरलेले सगळे ठोकळे मेमध्ये बरोबर भरले होते.

मी कुणाला सांगितलं नाही. मला खात्री होती की चूक माझीच असणार, एक तर आता किंवा जानेवारीत. जेवण जाईना. जानेवारीत मी चुकीचं वाचलं असेल तर मी तुला देशाबाहेर घालवलं. आई म्हणायची, "काहून अशी करून राहिली? पोटात दुखतं का?" शेवटी शैलेंद्रबाबूंना टेबलापाशी नेलं आणि सुई दाखवली. त्यांनी स्वतः सगळे ठोकळे लावून पाहिले. मग बसले आणि म्हणाले, "सुई को लू लग गई है." जरा वेळाने पुन्हा म्हणाले, पण या वेळी हसत नव्हते. "जनवरी में ठंड थी. अब गरमी है. और क्या बदला है?" मी म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, "तो फिर ठंड ले आओ."

आणि आम्ही थंडी आणली. खोली थंड ठेवणारं यंत्र अजून बंदच आहे, म्हणून बर्फाच्या कारखान्यातून लाद्या मागवल्या. गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेल्या लाद्या हातगाडीवरून आल्या. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "किसकी बारात है?" दारंखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, लाद्या घमेल्यांत भिंतीकडेने मांडल्या, पंखे त्यांच्यावर सोडले. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं आणि आत प्रतिमा शाल पांघरून बसली होती. तुझा सगळ्यात मोठा ठोकळा आणि त्यांचा, दोन्ही शेजारी शेजारी, एकाच हवेत. अधूनमधून ताडून पाहायचं. पारा उतरत होता.

दादा, मी ते कसं लिहू? सुई हलली. एकदम नाही. इतकी हळू की हलताना दिसत नव्हती, फक्त मागच्या वेळेपेक्षा ती जरा डावीकडे असायची. खोली थंड होत गेली तसतसा तुझा ठोकळा कमी होत गेला. त्याला कुणी हात लावला नव्हता, घासला नव्हता. दोन्ही ठोकळे आक्रसत होते, पण तुझा जास्त. गरमीत खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन भाऊ आणि थंडी पडताच एक जरा जास्त अंग चोरून बसतो, तसं. मोठ्या ठोकळ्यात फरक मोठा, छोट्यात छोटा, अगदी लांबीच्या हिशेबाने. हात चुकला असता तर इथे जास्त, तिथे कमी, असा कसाही चुकला असता. हा फरक हाताचा नव्हताच. पारा विसावर आला तेव्हा सुई जानेवारीच्याच जागी उभी होती. घमेल्यात बर्फाचं पाणी ठिबकत होतं. मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आपण सगळ्यांनी एकच चूक केली होती. लोखंड ते लोखंड, असं समजलो. त्यांचा ठोकळा त्यांच्या पोलादाचा, तुझा आपल्या देशातल्या भट्टीतल्या पोलादाचा. दोन्ही दिसायला सारखे, कडक सारखे, पण ऊन लागलं की आपलं पोलाद जरा जास्त वाढतं आणि थंडीत जरा जास्त आक्रसतं. शैलेंद्रबाबूंनी दोन्हींचे तुकडे दिल्लीच्या प्रयोगशाळेत पाठवले आणि गेल्या आठवड्यात उत्तर आलं. तसंच आहे. सगळ्या जगाने मिळून ठरवलं आहे की मापाची खरी लांबी वीस अंशांवरची. त्यांच्याकडे खोली सहज तेवढी असते. आपल्याकडे तेवढी थंडी आणायला हातगाडीवरून बर्फ यावा लागतो. तू आपल्या उन्हाळ्यात घोटलंस. आपल्या उन्हाळ्यात तुझा एकही ठोकळा केसाच्या शंभराव्या हिश्श्यानेही चुकलेला नाही. चाळीस अंशांच्या उकाड्यात, कपाळाला पंचा बांधून.

यात मी त्यांना कमी लेखत नाही. उलट आता त्यांचा संच उघडताना मी आधीपेक्षा जास्त जपते. वीस-बावीस वर्षं आपल्या हातांनी, आपल्या धुळीत वापरूनही तो अजून खरं बोलतो आहे. तू लिहितोस की तुमचा फोरमन जपानी माल आला की भिंगाखाली धरून बघतो आणि पुन्हा बघतो. आधी ते लोक त्या मालाला हसायचे म्हणे. मला त्या फोरमनची आणि त्या जपानी कारागिरांचीही गंमत वाटते. जगात ठिकठिकाणी माणसं खाली मान घालून एकच पृष्ठभाग घोटत बसली आहेत, एकमेकांच्या पुढे जायला, आणि ज्याचा अधिक सपाट त्याच्याकडे वॅगनी भरून माती जाते. भीती वाटावी असंच आहे हे. पण त्या रांगेत आपल्याकडचाही एक माणूस बसला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी मोजलं आहे.

निकाल असा. तुझा संच वापरात घेतला. प्रत्येक ठोकळ्यात किती अंशाला किती फरक धरायचा याचा तक्ता मी आणि प्रतिमाने बनवला आहे. परदेशातून सगळा संच मागवायचा अर्ज मागे घेतला. आता फक्त ताडून पाहण्यापुरते मोजके ठोकळे मागवायचे आणि बाकीचे इथे करायचे, पोलादाचा हा स्वभाव आधीच हिशेबात धरून. घोटायला माणूस शोधताहेत. दोघांनी करून पाहिलं, त्यांचे ठोकळे चिकटत नाहीत. तू परत येशील का, हे शैलेंद्रबाबूंनी मला नुसत्या नजरेने विचारलं. "लड़के का हाथ सही था," एवढंच म्हणाले, आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले.

आता हे पत्र का लिहिलं ते. दिल्लीचं उत्तर आलं त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं, जेवायच्या टेबलावर आकृती काढून. त्यांनी आकृतीतले आकडे बोटाने एक एक करून ताडले. मग त्यांनी तो कागद उलटा केला आणि म्हणाले, "बेबी, अच्युतला सांगू नको. सही होऊ दे त्याची." मी म्हटलं, काहून? तर म्हणाले, "कळलं तर येईल तो. इथे काय आहे? परवाना, रांगा आणि बर्फाच्या लाद्या. तिथे त्याच्याभोवती जगातली चांगली यंत्रं आहेत. मी जे बोललो ते मी परत घेईन, पण सही झाल्यावर घेईन." त्यांचे डोळे भरले होते. आशीर्वादाचं पत्र त्यांनी काल टाकलं आणि त्यात ठोकळ्यांचा एक शब्दही नाही. माझं त्याच्या मागोमाग येईल. बाबांच्या मर्जीविरुद्ध मी आजवर पाण्याचा तांब्याही हलवलेला नाही, तरी हे लिहिते आहे. मी तुला ये म्हणत नाही. बाबांचं कदाचित खरंही असेल, तिथेच तुझं भलं असेल. राहावंसं वाटलं तर राहा, आनंदाने सही कर. फक्त तुझा हात बिघडला आहे, असं समजून करू नकोस. तो बिघडलेला नव्हता, दादा. एक दिवसही नव्हता.

तुझीच,
विनता